हलता फोटो

“हनुवटी खाली घ्या, ताई. आन् हसू नका. पासपोर्टच्या फोटोला हसू चालत न्हाई.”

पुनमनं ओठ मिटले. आदिनाथनं कॅमेऱ्याला डोळा लावला आणि तिला पुन्हा हसू फुटलं.

“तिकडं गेल्यावर हास की किती हासायचं ते,” बाकड्यावर बसलेल्या नागाबाई म्हणाल्या. “आत्ता तोंड मिट.”

अखेर फोटो जमला. लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्लीतला हा स्टुडिओ इतका अरुंद होता, की सासूचे गुडघे सुनेच्या खुर्चीला टेकत होते.

पुनमचा फोटो तिच्या व्हिसासाठी होता. तो सोपा. अवघड होता अंगदचा. अंगद, तिचा नवरा, म्युनिकला नोकरीला होता. त्याला पासपोर्ट नवा करून घ्यायचा होता आणि तिथल्या मशिनमधून काढलेले फोटो दोनदा परत आले होते. एकदा माप चुकलं, एकदा कानामागं सावली पडली. शेवटी त्यानं घरातच भिंतीपुढं उभं राहून फोटो काढला आणि तो लातुरात नीट करून घ्यायचं काम पुनमवर टाकलं. जुना पासपोर्ट लग्नाआधीचा. नव्यावर पत्नी म्हणून तिचं नाव येणार होतं आणि त्यानंतरच तिचा व्हिसा पुढं सरकणार होता. क्लासमध्ये ती रसायनशास्त्र शिकवायची. ती नोकरी तिनं सोडूनही दिली होती.

आदिनाथनं अंगदचा फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि तोंड वाकडं केलं. “व्हॉट्सअॅपवर फुटलाय हो. केसाची कड बी दिसंना. मूळ फाइल मागवा. फोटो म्हणून नगं, डॉक्युमेंट म्हणून.”

पुनमनं निरोप टाकला. लगेच उत्तर आलं, टाइप केलेलं नाही, आवाजातच. तिनं ते स्पीकरवर लावलं. “पाठवतोय. मीटिंगमधे आहे, आत्ता फोन नको करू. काढायला कुणी नव्हतं, टायमर लावून काढलाय. थोडं सांभाळून घ्या म्हणावं.”

“कोन हाय गं?” नागाबाईंनी विचारलं. त्यांची सवयच ती. फोनमधून, दारातून, शेजारच्या टीव्हीतून, कुठूनही आवाज आला की त्यांचा पहिला प्रश्न हाच.

“अंगद.”

“अंगद म्हनं! अहो म्हनलं की जिभेला फोड येतोय का तुझ्या?”

आदिनाथ खो-खो हसला. पुनमही हसली. अंगद आणि ती नांदेडच्या कॉलेजात एकाच वर्गात होते, तेव्हापासून ती त्याला नावानंच हाक मारायची. नागाबाईंना अहो म्हणणारी सून हवी होती. हे त्या घरी आल्यागेल्यालाही ऐकवत.

“उगीच टायमर लावत बसला,” पुनम म्हणाली. “करिश्माला बोलावलं असतं तर दोन मिनिटांत काढून दिला असता तिनं.”

करिश्मा तिची मुदखेडची मावसबहीण. शिकायला म्युनिकलाच गेलेली. मावशी तिला पाठवायला तयार नव्हती. ‘माझा नवराच आहे की तिथं’ असं सांगून पुनमनंच मावशीला राजी केलं होतं. करिश्मा अंगदला दाजी म्हणायची. व्हिडिओ कॉलवर तर वाक्यागणिक दाजी. दाजी बारीक झालेत, दाजींना लई काम हाय, दाजी भेटतच न्हाईत.

“तिला कशाला मधी घेतीस?” नागाबाई म्हणाल्या. “पोरगी शिकायला गेलीय.”

गल्लीत कुणीतरी कुणालातरी हाक मारली. “कोन हाय?” म्हणत नागाबाईंनी दाराकडं मान वळवली.

तेवढ्यात फाइल आली. पुनमनं ती फोनवरच उघडली. अंगद पांढऱ्या भिंतीपुढं उभा होता. ओठ घट्ट मिटलेले, नजर सरळ. नियमात बसणारा फोटो. खालच्या कोपऱ्यात एक बारीकसं चिन्ह दिसत होतं. आदिनाथनं त्यावर बोट ठेवलं.

“ह्यात हलता फोटो चालू राहिलाय की. क्लिक व्हायच्या आधीचं दोन-तीन सेकंद बी धरून ठेवतंय हे, आवाजासगट.”

फोटो हलला. अंगद हसत होता. ओठ दाबून धरायचा आणि त्याला पुन्हा हसू फुटायचं. त्याची नजर फोनच्या जरा वर होती, फोन हातात धरणाऱ्याच्या तोंडाकडं.

“अहो, हसू नका ना! पासपोर्टचा हाय.”

अंगदनं ओठ मिटले. नजर सरळ झाली. क्लिक.

आवाज पुनमनं तेव्हाच ओळखला. करिश्मा. आधी तर तिला बरंच वाटलं, की चला, शेवटी बोलावलं म्हणायचं हिला. मग त्यातला पहिला शब्द तिच्यापर्यंत पोचला.

“तुम्ही बी तिकडं जाऊन आलाव व्हय, ताई?” आदिनाथनं कौतुकानं विचारलं. “आवाज तुमचाच ना?” आणि त्यानं चिन्हावर पुन्हा बोट ठेवलं.

“अहो, हसू नका ना!”

पुनमनं मान वळवून सासूकडं पाहिलं. नागाबाई पदराची कड बोटाला गुंडाळत होत्या.

“झालं असंल तर उरक रे बाबा,” त्या आदिनाथला म्हणाल्या. “ऊन व्हायलंय.”

कोन हाय, असं त्यांनी विचारलं नाही.