दहाची घंटा

फादर इनास यांनी वेल्ह्याजवळच्या माळावर पत्र्याच्या दोन खोल्यांत कॉलेज सुरू केलं. पुढे तिथं चर्च झालं, हॉस्टेल झालं, आणि आज तीन मजली इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. ते बघायला फादर मात्र नव्हते, नाताळाआधीच देवाघरी गेले होते. त्यांच्या पहिल्या तुकडीतली नूतन आता तिथली प्राचार्य होती. भाषणात ती अभिमानानं म्हणाली, "मी लांबच्या वाडीवरून एसटीनं यायचे. हातात घड्याळ नव्हतं. तरी तीन वर्षांत दहाची घंटा एकदाही चुकवली नाही. ही फादरांची शिस्त!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतले म्हातारे शिपाई सावळारामकाका तेवढे गालातल्या गालात हसत होते.

कार्यक्रम संपल्यावर तिनं त्यांना गाठलं. "काका, हसत का होतात?"

"म्याडम, तुमची एस्टी कदी येळेवर आली व्हती का वो?"

नूतन थबकली. "नाही... फाट्यावर उतरले की रोज पळतच सुटायचे."

"तेच की. म्या घंटेची दोरी धरून उभा, अन् फादर खिडकीत. तुमी फाटकातनं आत शिरला, की म्हनायचं, 'सावळाराम, वाजव आता.' एकदा म्या म्हनलं, फादर, सव्वादहा झालं की!"

"मग?"

"तर म्हनलं, 'ती पोरगी पोचल्याशिवाय आपल्याकडे दहा वाजत नाहीत.'"