सोनिकाचे बाबा

“सापडली का वं पोरी?” नत्थूजींनी पुन्हा विचारलं.

“शोधून राहिली ना, आजोबा. बसा तुम्ही.”

कोराडीच्या देवीच्या नवरात्रात माणसांचा पूर लोटला होता. यात्रेच्या दोन टोकांना स्वयंसेवकांचे दोन मंडप. ज्याला शोधायचं त्याची नोंद ‘हरवले’मध्ये, जो मिळाला त्याची ‘सापडले’मध्ये. फोन नंबरावरून दोन्हीकडच्या नोंदी जुळवणारा प्रोग्राम अलीकडच्या मंडपात बसलेल्या प्रीतीनंच लिहिला होता. जोडी जुळली की लॅपटॉप टिंग करायचा आणि कुणाची आई, कुणाचं लेकरू धावत यायचं. प्रीतीला उपास होता, पण भुकेची आठवणही नव्हती.

फक्त नत्थूजींची रुख्मिणी जुळत नव्हती.

नवराबायको पारशिवनीहून आले होते. नत्थूजींच्या मांडीवर औषधांची पिशवी, दोन्ही हातांनी धरलेली. पिशवीवर मुलीचा, सोनिकाचा नंबर. तोच नोंदीत घातला होता, पण बंद येत होता.

“म्हातारीच्या गोळ्या हायेत ह्या. दिवस मावळायच्या आत लागतेत तिले, नाही तर भलतंच होते.” मग ते जरा हसले. “अन् कोणी विचारलं तरी माझं नाव सांगणार नाही ते. नवऱ्याचं नाव घ्याले अजून लाजते.”

ऊन उतरायला लागलं. प्रीतीनं ‘सापडले’ पुन्हा चाळलं. नंबरावरून, गावावरून, हिरव्या लुगड्यावरून. नाहीच. देवळाजवळच्या तळ्याकडं माणूस पाठवावा का, असा विचार तिच्या मनात आला.

आणि एकदम डोक्यात वीज चमकली. आजी स्वतःला हरवली म्हणतील कशाला? त्याही पलीकडच्या मंडपात नवऱ्यालाच शोधत असतील. मग त्यांची नोंद ‘सापडले’मध्ये येणारच कशी? प्रीतीनं ‘हरवले’ला ‘हरवले’शीच जोडून पाहिलं.

टिंग.

नंबर तोच. गाव तेच. मंडप पलीकडचा. हरवलेल्याचं नाव : सोनिकाचे बाबा.

“आजोबा, आहेत. पलीकडं आहेत. तुम्हालाच शोधून राहिल्या.”

नत्थूजींनी पिशवीसकट हात जोडले. “देवीच पावली वं माय. आधी गोळी दे तिले.”

प्रीतीनं पलीकडच्या मंडपातल्या दामिनीला फोन लावला. “आजींना दे ना.” आणि मग, “आजी, घाबरू नका. तुमच्या गोळ्या घेऊन येतोच आम्ही.”

“माझ्या नाही वं बाई,” रुख्मिणीबाई शांतपणे म्हणाल्या. “त्याहिच्याच हायेत. एक आत्ताच दे पाण्यासंग, अन् मी येते तवर उठू देऊ नको. घरीबी असंच चालते. मी बाजूले बसली असते, अन् ते मलेच शोधत राहतेत.”