पहिल्या खेळीचा मुहूर्त

बुद्धिबळात दैवाला जागा नाही, असं ठाण्याच्या कलेक्टर कचेरीतले हरिहरपंत नेहमी सांगत. कल्याणच्या नरसोपंतांशी सामना ठरला, तेव्हा पहिल्या खेळीपुरता तेवढा त्यांनी मुहूर्त काढून घेतला. ठराव साधा होता: डाव टाकून जाईल तो हरला, आणि हरेल त्यानं डोक्यावरची पगडी समोरच्याच्या हवाली करायची.

मंगळवारी नरसोपंतांच्या ओटीवर पट मांडला गेला. हरिहरपंत तासभर हात आवरून बसले आणि मुहूर्ताची घटका भरताच त्यांनी राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं.

"खेळा, नरसोपंत!"

"खेळणार तर! पण आमचा मुहूर्त गुरुवार सकाळचा निघालाय."

"गुरुवार? अहो, मला रजा आजचा एकच दिवस. उद्या साहेबापुढे हजर व्हायला नको का?"

"मग निघा की. तुमच्या मुहूर्तासाठी आम्ही तासभर थांबलो, काही बोललो का?"

हरिहरपंतांनी दिवे लागेपर्यंत विचार केला, पण या खेळीवर तोड सुचेना.

बुधवारी ते बोडक्या डोक्यानं कचेरीत हजर झाले. तिकडे पटावर नरसोपंतांच्या सोळाच्या सोळा सोंगट्या अजून जागच्या हलल्या नव्हत्या.