पुलाखालचा राडारोडा

"साहेब, पुलाखाली राडारोडा टाकतायत," दारातला माणूस म्हणाला, आणि बांधकाम समितीची सभा संपली.

रिवाजच होता तो. नागरिक बोलायला लागला की समितीला घड्याळ दिसायचं. आठ सदस्य उठले, चहाचे आठ रिकामे कप मागे ठेवून बाहेर पडले. उरला हेडक्लार्क. त्याला चहा चालत नसे. शिपायाने कधी विचारलंही नव्हतं.

"कुठला पूल?"

"नाल्यावरचा. हिरव्या कठड्याचा."

हेडक्लार्कचं पेन थांबलं.

तो पूल अकरा वर्षांपूर्वी, एका दुपारी, खिडकीजवळच्या याच टेबलावर बांधला गेला होता. आधी मंजुरी, मग काम, मग शेरा: 'पाहणी केली, काम समाधानकारक.' पाहणीला जायचं नसतं, ती लिहायची असते. कठड्यांना हिरवा रंगही त्यानेच दिला होता, कारण त्या दिवशी दुसरा सुचला नाही. प्रत्यक्षात नाल्यावर पूल सोडाच, एक फळीही नव्हती. तिथल्या रहिवाशांनी मागे अर्ज केला होता: चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, पूल बांधा. त्याने उत्तर पाठवलं: पूल आहे, कृपया वापरावा.

"तुम्ही स्वतः पाहिलात?" त्याने सावधपणे विचारलं. निवृत्तीला चार महिने उरले होते. तसे मागच्या वर्षीही चारच उरले होते. मुदतवाढ मिळत गेली.

"रोज ओलांडतो की. तिसरी पायरी खिळखिळी झालीय."

तिसरी पायरी. गेल्या डागडुजीच्या मंजुरीसाठी ती त्यानेच मोडली होती.

"खरं सांगा, कोणी पाठवलंय तुम्हाला? कंत्राटदाराने?"

"पोरीने." माणसाने डाव्या कानाखालचा तीळ खाजवला. "शाळा पलीकडे आहे. राडारोडा वाढत वाढत पायऱ्यांवर आलाय. त्यात ती लंगडते. परवा घसरली, कपाळाला खोक पडली. पुढच्या वेळी सरळ नाल्यात जाईल हो."

"केवढी आहे?"

"नऊ वर्षांची. चौथीत. बरीच वर्षं चौथीतच आहे. पुढच्या वर्गात कोणी नोंदच केली नाही."

माणूस अर्ज ठेवून गेला. पत्ता होता: पुनर्वसन वसाहत, घर सतरा.

हेडक्लार्कने कपाटाच्या तळातली फाइल काढली. पूल म्हटला की विस्थापित आले, आणि विस्थापित म्हटले की त्यांचं पुनर्वसन. दुसऱ्या दिवशी त्याने जेवणाच्या सुट्टीआधी बावीस कुटुंबं उभी केली होती. घर सतरा: वडील, ओळखीची खूण डाव्या कानाखाली तीळ. मुलगी, वय नऊ. तिच्यापुढे त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'उजव्या पायाने अधू.' अधू असलं की अनुदान वाढायचं.

मग त्याने राडारोड्याची वही उघडली. बेकायदा टाकलेल्या ढिगांच्या तक्रारी शहरभरातून यायच्या. मंडईसमोरचा ढीग जागचा हलायचा नाही, पण वहीत तो दरमहा उचलला जायचा. उचलला तर टाकला कुठे, हा रकाना त्याने वर्षानुवर्षं एकाच ओळीने भरला होता: 'पुलाखालच्या सखल जागेत.' तिथे कोण राहणार होतं?

त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. ताटावर बसून तो त्या पोरीबद्दल आणि राडारोड्याबद्दलच बोलत राहिला.

"अहो, घास तरी उचला," बायको म्हणाली. "आता कुणाची पोर घेऊन बसलात?"

"नाहीच्चे ती. मीच लिहिलीय."

"मग नसलेल्या पोरीसाठी एवढं तोंड का उतरलंय?"

त्यांना मूल नव्हतं. तो रकाना रिकामाच राहिला होता.

"आयुष्यभर टाकला, टाकला लिहिलंत," ती म्हणाली, "एकदा उचलला लिहा. हात झिजणार आहेत का?"

"उचलून कुठे टाकला, ते लिहावं लागतं."

"मग लिहा, संपला म्हणून!"

"राडारोडा संपत नसतो गं. तो हलतो."

"हलतो, तुमच्या वहीत. आणि एकदा जाऊन बघून या. उभ्या जन्मात साइटवर पाऊल तरी ठेवलंत का?"

दुसऱ्या दिवशी, अकरा वाजता, त्याने वहीत लिहिलं: 'पुलाखालचा सर्व राडारोडा उचलला. खडी करून संपवला.' खाली लिहिलं: 'तिसरी पायरी बदलली.' मग फाइल ओढून घेतली आणि 'उजव्या पायाने अधू' या शब्दांवर काट मारली. खाडाखोडीवर सही लागते. त्याने सही केली.

आणि नोकरीत पहिल्यांदाच तो पाहणीला निघाला. फाटकावरचा पहारेकरी सगळ्यांना हटकायचा, पण हेडक्लार्क जाताना त्याने मानही वर केली नाही.

शाळा सुटायच्या वेळेला तो नाल्यावर पोचला. तिसरी पायरी घट्ट होती. हिरवा कठडा उन्हाने तापला होता. त्याने हात ठेवला आणि चटका बसला तरी काढला नाही. खाली खड्याएवढाही राडारोडा नव्हता.

पलीकडून दप्तर हेलकावत एक मुलगी आली. कपाळावर पट्टी होती. ती धावत होती, दोन्ही पायांनी.

"तुम्ही पाहणीवाले काका?" तिने धापा टाकत विचारलं.

"हो."

"मग? समाधानकारक?"

त्याला हसू फुटलं. डोळे पुसत तो कठड्यावरून वाकला. खाली माणसं चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून पलीकडे चालली होती.

"अहो, वर या!" तो ओरडला. "पूल आहे! वापरा की!"

कोणी वर पाहिलं नाही. पाण्यावर या काठापासून त्या काठापर्यंत सलग ऊन पडलं होतं. त्यात ना पुलाची सावली होती, ना त्याची.