लिहायची थांबलेली मुलगी

त्याच पदासाठी तिची ही तिसरी मुलाखत. मेंदू आणि फुफ्फुसं, दोन्हींवर काम केलेला संशोधक हवा होता, आणि समितीचे अध्यक्ष पुन्हा नकारार्थी मान हलवत होते.

"फुफ्फुसांवरचे तुमचे पेपर उत्तमच आहेत हो. पण कॉम्प्युटरवर तुमचं नाव घातलं, तर मेंदूवर एकही सापडत नाही."

"सर, ते अर्जासोबत जोडलेत. दर वेळी जोडते." ऑफिसला सांगून सांगून तिच्या तोंडाला फेस आला होता, पण पालथ्या घड्यावर पाणी.

"हो, पण ते दुसऱ्याच कुणाचे तरी आहेत म्हणे." बाजूला काढलेला तो गठ्ठा त्यांनी पुढे ओढला, वरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे, ही होय! श्वासाचा ताल मेंदू कसा सांभाळतो, ते आम्ही हिच्याकडून शिकलो. याला म्हणतात काम, मॅडम! एवढी हुशार मुलगी, एकाएकी लिहायची थांबली. काय झालं कोण जाणे!"

या वेळी तिने राग गिळला नाही.

"थांबली नाही, सर. लग्न झालं तिचं, आडनाव बदललं. ही काय, तुमच्यासमोर बसलीय."