एक्केचाळिसावा सेकंद

कंपनीच्या डेटा सेंटरसाठी नवी यंत्रणा निवडायची होती आणि शेवटची सही माझी होती. तीन सर्व्हर, साठवण त्यांच्याच पोटात. एक बंद पडला तरी उरलेले दोघे सगळं सांभाळतात, असं विक्रेत्याचं म्हणणं.

"मॅडम, तुमचंच काहीतरी द्या. जिवाभावाचं असलं की परीक्षा खरी होते," चाचणीच्या वेळी तो म्हणाला.

मी लेकीचा व्हिडिओ दिला; त्याने तो सर्व्हरवर चढवून लॅपटॉपच्या पडद्यावर लावला. आज सकाळचा, पाळणाघरातल्या पहिल्या दिवसाचा. तिथल्या खोलीत तेव्हा आम्ही दोघीच होतो. चाळीस सेकंद ती रांगत माझ्याकडे येते, एवढंच. अजून बोलत नाही ती. पहिला शब्द ती माझ्यामागे बोलून जाईल, या धास्तीने मी दिवसभर घड्याळ बघत होते.

त्याने पहिल्या सर्व्हरची केबल उपटली. लेक रांगतच राहिली.

दुसरी उपटली. "आता थांबायला हवं," तो पुटपुटला.

थांबलं नाही.

"तिसरीही काढा की, होऊन जाऊ दे!" चाचणी बघायला आलेले आमचे साहेब हसले.

तिसरी निघाली. पंखे थांबले, हिरवे दिवे विझले. पडद्यावर लेक रांगतच होती. चाळीस सेकंद उलटले.

"लॅपटॉपमध्ये कॉपी असणार हो," साहेब म्हणाले. विक्रेत्याने नुसतीच नकारार्थी मान हलवली.

मग ती थांबली. तिने माझ्याकडे पाठ फिरवली, समोरच्या कुणाकडे तरी बघून दोन्ही हात वर केले, आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "आई."