इशाऱ्याची ओळ

एका गवंड्याची बायको टीव्हीवरच्या एका गुप्तहेरावर चाहत्यांच्या साइटवर गोष्ट लिहायची. ती गेली, शेवटचा भाग कॉम्प्युटरवरच राहिला. वाचक वाट पाहतायत म्हटल्यावर तो लेकीला घेऊन भाग पाठवायला बसला.

“बाबा, परिच्छेदांमध्ये जागा सोडा. भिंत रचताय का?”

भाग पाठवला तसा परत आला. साइटवाल्या बाईंनी कळवलं होतं, ‘गोष्टीत कोणी मरणार असेल तर वर इशारा लागतो. ताईंनी पहिल्या भागावर दिलाय, तोच इथे घाला.’

“राहू द्या, आपणच नवा लिहू,” लेक घाईघाईने म्हणाली.

“तिचा असताना आपला कशाला?” त्याने स्वतःच पहिला भाग उघडला.

‘इशारा : यात गुप्तहेराची बायको आजाराने जाते. तिला ते ठाऊक आहे. तो सध्या घरावर मजला चढवतोय, म्हणून त्याला इतक्यात सांगणार नाही.’

खाली तारीख मागच्या जूनची होती.

“असं कसं? डॉक्टरांनी तर आपल्याला जानेवारीत सांगितलं.”

लेकीने मान वर केली नाही.

“तुम्हाला जानेवारीत, बाबा. मला आईने शपथ घातली होती.”